घुमारा

भाचा घरात आला तो फोन पुढे करतच. दिवाळीला घेतलेली रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५०, अजून दुसरं सर्व्हिसिंगही व्हायचंय, आणि सायलेन्सर बदलायचं त्याच्या मनाने आधीच घेतलेलं. "मामा, चौदा व्हिडिओ काढून ठेवलेत. तुम्ही नीट ऐका आणि यातला कुठला लावू ते सांगा."

मी चौदाही ऐकले. चहा निवला तरी ऐकत होतो. शेवटी त्याला म्हणालो की मला चौदा वेळा एकच आवाज ऐकू आला. त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं मामा टाळतोय.

टाळत नव्हतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. त्याची गाडी दोन सिलिंडरची. जागेवर उभी असताना मिनिटाला बाराशेच्या आसपास फेरे, म्हणजे सेकंदाला साधारण वीस ठोके. शिवाय ते ठोके सारख्या अंतरावर पडत नाहीत. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, २७० अंशांची असल्यामुळे एका सिलिंडरनंतर दुसरा २७० अंशांनी पेटतो आणि त्याच्यानंतर पहिल्याची पाळी ४५० अंशांनी येते. एक पाऊल जवळ, एक लांब. त्या गाडीचं सगळं रूप या लंगड्या चालीत आहे, आणि ही चाल आवाजाच्या अगदी तळाशी असते. फोनचा बोटभर स्पीकर तिथवर उतरूच शकत नाही. तो ऐकवतो फक्त वरची चरचर. चरचर सगळ्यांची सारखीच.

"मग कसं ठरवायचं?" त्याने विचारलं.

"रविवारी उद्यमनगरात जाऊ," मी म्हणालो, आणि त्याला माझ्या बुलेटची गोष्ट सांगायला बसलो. ती पूर्वी कधी त्याला सांगितली नव्हती. लहान होता तेव्हा, आणि मला ती सांगताना अजूनही थोडं लागतं.

माझी बुलेट १९९४ ची, बिडाच्या इंजिनाची. मी ती २००६ साली जुनी घेतली. ३४६ सीसी, सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. म्हणजे पिस्टन रुंदीला कमी आणि उंच उडी मारणारा. ताकद अठरा अश्वशक्ती. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, किक मारण्याआधी अँपिअर मीटरची सुई मध्यावर आणायची, सिलिंडरातला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जरा पुढे सरकवायचा आणि मग एकच किक. हे सगळं सोपस्कारासारखं करायला मला फार आवडायचं. नीट लावलेली गाडी जागेवर मिनिटाला आठशे फेऱ्यांवर उभी राहायची. सेकंदाला साडेसहा ठोके. हे ठोके मोजता येतात. आणि मला वाटतं, बुलेटच्या आवाजावर माणसं का भाळतात त्याचं उत्तर या मोजता येण्यात आहे. कान सेकंदाला वीसएक ठोक्यांपर्यंत त्यांना सुटं सुटं धरतो. त्यापुढे गेले की मोजणं सोडून देतो आणि त्यांचा एक सलग सूर करतो. बुलेट टॉप गिअरमध्ये पन्नास-पंचावन्नच्या वेगाला आली की नेमकी त्या उंबरठ्यावर असते. ताल संपत आलेला असतो आणि सूर अजून पुरता लागलेला नसतो. त्या वेगाला मी राधानगरीच्या रस्त्यावर तासन् तास गाडी चालवली आहे.

ठोका कसा होतो तेही सांगायला हवं. कारण सायलेन्सर बदलणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना वाटतं की धूर बाहेर जाताना आवाज करतो. तसं नाही. पिस्टन खालच्या टोकाला पोचण्याआधीच धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. आत अजून बराच दाब शिल्लक असतो. तो दाब क्षणात नळीत सुटतो आणि त्याची लाट धुराच्या पुढे धावते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या घरात असतो, बाहेरच्या हवेतल्या आवाजापेक्षा दीडपट. ही लाट इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीतून, बेंड पाइपमधून, सायलेन्सरच्या पोटात शिरते. तिथे मोकळी जागा मिळाली की तिचा एक भाग उलटा होऊन परत इंजिनाकडे निघतो. दाबाची लाट गेली, ओढीची लाट परत आली. ती परत येऊन पोचते त्या वेळी जर इनलेट आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतील, तर ती उरलासुरला धूर ओढून घेते आणि हवा-पेट्रोलच्या ताज्या मिश्रणाला आत यायला मदत करते. चुकीच्या वेळी पोचली तर तेवढंच नुकसान. म्हणून बेंड पाइपची लांबी, त्याचा व्यास, सायलेन्सरच्या पोटाचा आकार या सगळ्याला अर्थ असतो. 'इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच' हे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येणारं वाक्य मला कधीच पटलं नाही. अडथळा कुठल्याच इंजिनाला नको असतो. त्याला हवी असते वेळेवर परतणारी लाट. मोठ्या व्यासाची मोकळी नळी लावली की खालच्या फेऱ्यांतली ओढ जाते, कारण वायू सुस्तावतो आणि लाटेचं गणित मोडतं. लोक म्हणतात बॅकप्रेशर गेलं.

हे मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी मूळ सायलेन्सर काढून माळ्यावर टाकला. बाजारात नावं किती सुंदर होती! लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार, इंदौरी, पंजाब. गोल्डस्टार हे नाव बीएसए या इंग्रज कंपनीच्या एका जुन्या मोटरसायकलवरून आलेलं, बाकीची आपल्याकडच्या कारागिरांनी रूढ केलेली. मी आखूड बाटलीच्या जातीचा एक घेतला. आत फक्त भोकं पाडलेली सरळ नळी. लोकर नाही, पडदे नाहीत. पहिली किक मारली तेव्हा समोरच्या घराची तावदानं थरथरली, आणि मला भरून आलं. खरंच भरून आलं. आपल्या हाताखाली एवढं मोठं काहीतरी जिवंत आहे असं वाटलं. त्या आनंदाला मी आजही खोटं म्हणणार नाही.

आमच्या बोळात तेव्हा अण्णा राहायचे. भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. चाळीस वर्षं वाजवत होते. त्यांच्या दारावरून मी तीन-चार दिवस गेलो-आलो असेन. एका संध्याकाळी त्यांनी हात करून थांबवलं. मला वाटलं रागावणार. ते पखवाजाच्या डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापत बसले होते. म्हणाले, "गाडी लई मोठ्यानं वाजतीया. पण घुमंना." मग त्यांनी कणकेचा थोडा भाग काढून पुडीवर हात मारला. आवाज पत्र्यासारखा आला. कणीक परत चढवली, अंगठ्याने कडेकडेने दाबली आणि पुन्हा हात मारला. आता तो आवाज जमिनीतून आल्यासारखा आला, आणि हात उचलल्यावरही खोलीत उरला. "ह्यो घुमारा," ते म्हणाले. "आनि पयला व्हता त्यो फुटका."

मी हसून निघून आलो. पण तो शब्द डोक्यात राहिला. घुमणं आणि फुटणं. पुढे सायलेन्सरबद्दल मी जे काही शिकलो ते या दोन शब्दांत फिरतं.

त्या उन्हाळ्यात पन्हाळ्याहून उतरताना गाडी फटफट करायला लागली. थ्रॉटल सोडला की मागून फटाके. माझे मित्र खूश. कोणी म्हणालं, याच्यासाठी लोक पैसे देतात. कोणी व्हिडिओ काढले. मीही खूश होतो. तो आवाज म्हणजे न जळलेलं मिश्रण नळीत जाऊन तिथे पेटतंय, आणि बेंड पाइपच्या तोंडाशी कुठेतरी हवा आत शिरतेय, हे मला माहीत नव्हतं. बेंड पाइप निळा पडला होता. मला तो रंग छान वाटला. प्लग काढून पाहिला असता तर तो पांढराफटक दिसला असता. मी काढला नाही.

मोकळ्या सायलेन्सरमुळे इंजिन जास्त श्वास घेऊ लागतं, पण कार्बुरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट तोच राहतो. हवा वाढते, पेट्रोल तेवढंच. मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रण गरम जळतं. माझ्या इंजिनाचा सिलिंडर बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा खूपच जास्त फुगतं. मे महिन्यात वैभववाडीकडून करूळचा घाट चढून गगनबावड्याला येताना मधल्याच एका वळणावर मागचं चाक अडकल्यासारखं झालं. क्लच दाबला म्हणून वाचलो. मागे माझी बायको बसली होती. लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते. गाडी कडेला घेतली. इंजिनातून टिक् टिक् असा धातू आखडल्याचा आवाज येत होता. घाटात दुसरा कसलाच आवाज नव्हता. दोन तास आम्ही त्या वळणावर बसून होतो. ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मला फार जड गेलं.

टेम्पोतून गाडी कोल्हापूरला आणली आणि उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे उतरवली. शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री, ऑइल इंजिन यांवर वाढलेली वसाहत. तिथे बोळाबोळांत अशी माणसं बसलेली असतात की ज्यांच्या बोटांना इंचाचा हजारावा भाग समजतो. या मिस्त्रींनी हेड उतरवलं, बॅरल वर ओढला आणि पिस्टन माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूने उभे ओरखडे, रिंगा जागेवर चिकटलेल्या. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी खाल्लेली.

"घाट चढताना खडखडत हुती का?" त्यांनी विचारलं. "खडं हलवल्यागत?"

"नाही मिस्त्री, मला तरी ऐकू आलं नाही."

त्यांनी माझ्या सायलेन्सरकडे पाहिलं. "दोन म्हैनं बोंबलत आसनार ती. तुला ऐकाय कसं येनार?"

मला आजवर कोणी एवढं खरं बोललं असेल असं वाटत नाही. मी इंजिनाचा आवाज ऐकायला म्हणून तो सायलेन्सर लावला होता. आणि त्याने व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटांचा आवाज झाकला, टायमिंगच्या गिअरांची घरघर झाकली, पिस्टनचा पत्ता देणारा खडखडाट झाकला. उरला तो फक्त नळीच्या शेवटच्या फुटाचा आवाज. इंजिन त्याच्या मागे एकटं पडलं होतं.

बॅरल बोअर करून नवा पिस्टन बसेपर्यंत मी रोज संध्याकाळी मिस्त्रींकडे जाऊन बसायचो. मी माळ्यावरून मूळ सायलेन्सर आणून दिला होता. तो आतून सडला होता. हे सडणंही मला तिथेच कळलं. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, एका लिटरला जवळजवळ एक लिटर पाणी, वाफेच्या रूपात. लांबचा प्रवास असला तर सायलेन्सर तापतो आणि वाफ बाहेर पडते. घर ते भाजी मंडई एवढ्याच फेऱ्या असल्या तर ती आत थंड होते, साठते आणि पत्रा खाते. म्हणून चांगल्या सायलेन्सरला खालच्या बाजूला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. पुष्कळ लोक ते गळती समजून बुजवतात.

मिस्त्रींनी तो सडका सायलेन्सर ग्राइंडरने लांबीत कापला, आणि मी पहिल्यांदा आतलं घर पाहिलं. मला वाटलं होतं आत काहीतरी कोंबलेलं असेल. आत होत्या खोल्या. पडदे, त्यांतून आरपार न जाणाऱ्या नळ्या, एकीचं तोंड एका खोलीत तर दुसरीचं पलीकडच्या. लाट एका खोलीत येते, भिंतीवरून परतते, मागून येणाऱ्या लाटेला भिडते आणि दोघी एकमेकींना खातात. ही सायलेन्सरची एक जात. दुसरी जात म्हणजे सरळ भोकांची नळी आणि तिच्याभोवती दाबून भरलेली काचेची लोकर. इथे लाट लोकरीत शिरते आणि तिथल्या तिथे उष्णता होऊन जिरते. लोकर बारीक, टोकदार, वरच्या पट्टीचे आवाज खाते. खालचे ठोके तिला फारसे पेलत नाहीत. त्यांना खोल्या लागतात.

हे कळलं आणि मला अण्णांची कणीक आठवली. त्यांनी पुडीवरून काय काढून घेतलं होतं? वरचा पत्र्याचा आवाज. खालचं तसंच राहू दिलं होतं.

मिस्त्रींच्या शेजारीच एकाचं दुकान होतं, तिथे सगळ्या यामाहाच्या आरएक्स १०० यायच्या. कोल्हापुरात त्या गाडीवर लोकांचं जे प्रेम आहे ते मी शब्दांत मांडू शकणार नाही. १९८५ ते १९९६ एवढीच ती बनली. ९८ सीसी, अकरा अश्वशक्ती, आणि हलकीफुलकी. तिच्या सायलेन्सरचं तर वेगळंच शास्त्र. दोन स्ट्रोकच्या इंजिनात बुलेटसारखे इनलेट-एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतात, धूर जायचं दार आणि मिश्रण यायचं दार काही काळ एकदम उघडी असतात. ताजं मिश्रण थेट बाहेर पळून जाऊ शकतं. त्याला अडवतो सायलेन्सर. नळी आधी रुंद होत जाते, तिथून ओढीची लाट परतते आणि धूर उपसते. पुढे पोट निमुळतं होतं, तिथून दाबाची लाट परतते आणि पळालेलं मिश्रण सिलिंडरात परत ढकलते. दार बंद व्हायच्या अगदी आधी. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात हे पोट इतकं नेमकं केलं की १९६१ पर्यंत त्यांचं १२५ सीसीचं इंजिन पंचवीस अश्वशक्ती देऊ लागलं. त्याच वर्षी त्यांचा रेसर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पश्चिमेकडे निघून गेला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि ते ज्ञान सोबत घेऊन गेला. १९६२ ला त्याने सुझुकीला ५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवून दिलं. एका सायलेन्सरच्या पोटासाठी केवढं घडलं! आणि आमच्याकडे त्या दुकानात मुलं येऊन म्हणायची, पोट कापून आखूड करा, आवाज वाढू दे. कापलं की आवाज वाढायचा आणि ओढ जायची, कारण त्यांनी इंजिनाचाच एक भाग कापलेला असायचा. मला त्या गाड्यांची फार दया यायची.

माझ्यासाठी मिस्त्रींनी तीन सायलेन्सर बनवून पाहिले. बाहेरचं नळकांडं लांब, मूळच्या मापाचं. पहिल्यात नुसती लोकर. गाडी मऊ वाजली पण ठोका पसरट आला. दुसऱ्यात पुढे एक खोली आणि मागे लोकर. हा बरा होता, पण खोली लहान झाली आणि तीन हजार फेऱ्यांच्या आसपास एक गुणगुण उठायची, जी दहा मिनिटांत डोकं उठवते. ही गुणगुण ओळखायला शिका. नवा सायलेन्सर घेताना जागेवर थ्रॉटल पिळून ती कळत नाही, अर्धा तास एका वेगाने चालवावं लागतं. तिसऱ्यात त्यांनी खोली वाढवली, नळीभोवती आधी स्टीलची लोकर गुंडाळली आणि तिच्यावर काचेची. स्टीलची लोकर ज्वाळा झेलते म्हणून काचेची टिकते. नाहीतर काही हजार किलोमीटरमध्ये काचेची जळून, भुगा होऊन मागून उडून जाते आणि गाडी हळूहळू फुटकी वाजू लागते. मालकाला वाटतं सायलेन्सर 'सुटला', म्हणजे मोकळा झाला.

पण खरा फरक पडला तो सायलेन्सरमुळे नाही. मिस्त्रींनी बेंड पाइपचं तोंड नीट बसवून हवा बंद केली, नवी व्हॉल्व्ह सीट घासली, टॅपेट लावले, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं टायमिंग धरलं, आणि कार्बुरेटरच्या हवेच्या स्क्रूवर अर्धा तास घालवला. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. एक लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ते ऐकत होते. मध्येच त्यांनी तो स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी कान लावला. आत एक अख्खं गाव कामाला लागलेलं होतं. व्हॉल्व्हच्या दांड्या, गिअर, पिस्टन, प्रत्येकाचा वेगळा आवाज, प्रत्येकाची वेगळी जागा. तेव्हा मागून नळीतून ठोका येत होता तो या सगळ्यांच्या खाली, शांत. घुमत होता.

घरी आणली. अण्णा ओट्यावर होते. त्यांनी मान वर केली नाही, नुसता मांडीवर हात धरला आणि तीन-चार ठोके माझ्या गाडीबरोबर दिले. मग मान हलवली.

तो तिसरा सायलेन्सर मी आता लावत नाही. पुढे मूळ बनावटीचा नवा मिळाला तो बसवला. आतलं बाकी काम नीट असल्यामुळे दोघांत मला फरक इतकाच वाटतो की नवा किंचित कोरडा वाजतो. आणि कायदा हे कारण आहेच. भाच्याला मी तेही स्पष्ट सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मंजूर करून दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि आवाज-धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२) लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला बनवतानाची मर्यादा ८० डेसिबल, ८० ते १७५ ला ७७, त्याखाली ७५. गाडी थ्रॉटल उघडून जाताना साडेसात मीटरवरून मोजतात. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून वरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो दर काही महिन्यांनी एखाद्या शहरातून येतात. माझे काही मित्र ते पाहून हळहळतात. मी हळहळत नाही. वस्तीत रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती मर्यादा कोणासाठी आहे ते मला माझ्या घरी मूल जन्मल्यावर कळलं. मोठ्या मुश्किलीने झोपवलेलं बाळ एका फटाक्याने दचकून उठतं तेव्हा त्याचे दोन्ही हात एकदम हवेत पसरतात. ते हात पाहिल्यावर मला माझी २००६ ची गाडी आठवली, आणि त्या वेळी बोळात कोणाकोणाकडे तान्ही मुलं होती ते मी आठवत बसलो.

एक गोष्ट मात्र मला या मोजणीत फार सुंदर वाटते. डेसिबल मोजताना यंत्र माणसाच्या कानासारखं ऐकतं. खालच्या पट्टीला ते कमी गुण देतं. ५० हर्ट्झचा खोल आवाज जवळजवळ ३० डेसिबल कमी धरला जातो. म्हणजे नियमाचा सगळा रोख वरच्या, फुटक्या आवाजावर आहे. खालचा ठोका त्याला तितकासा खुपत नाही. बोळातल्या माणसांनाही तो खुपत नाही. फुटणं काढून टाकलं तर घुमण्याला बरीच जागा शिल्लक राहते. चांगल्या कंपन्यांचे अभियंते याच जागेत काम करतात.

भाच्याच्या गाडीचा प्रश्न यापेक्षा थोडा किचकट आहे. बीएस ६ च्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्यांत धुराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, मधाच्या पोळ्यासारखा, आत प्लॅटिनम-पॅलेडियमच्या जातीच्या धातूंचा लेप दिलेला. तो काढला की आवाज मोकळा होतो आणि विष थेट मागच्या माणसाच्या नाकात जातं. तिथे ऑक्सिजन सेन्सरही असतो, त्याच्या मापावर इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरतं. त्यामुळे अख्खी नळी बदलण्याचा विचार मी त्याच्या डोक्यातून काढून टाकला. नुसता मागचा डबा बदलायचा असेल, तर कंपनीने आपल्या गाडीसाठी तपासून विकायला ठेवलेलाच घ्यावा. त्याने ताकद वाढेल ही अपेक्षा ठेवू नये. वाढली तरी ती घाटात हाताला कळणार नाही. जे मिळतं ते वजनात. स्टीलपेक्षा टायटॅनियम जवळपास निम्म्यावर येतं. स्लोव्हेनियातल्या अक्रापोविचने याच धातूवर नाव कमावलं. मागून काही किलो कमी झाले तर वळणात गाडी हलकी पडते, आणि तो फरक खरा आहे.

"म्हणजे बदलू नको?" त्याने विचारलं.

"आधी आहे तो ऐक," मी म्हणालो. "तू अजून ऐकलेलाच नाहीस."

रविवारी आम्ही गेलो. मिस्त्री आता सत्तरीचे. दुकान मुलगा बघतो, पण लेथवर अजून तेच. मी भाच्याची ओळख करून दिली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून दोन्ही बाजूंचे पाइप पुढून जिथे एकमेकांना जोडलेत ते पाहिलं आणि म्हणाले, "चालू कर." भाच्याने बटण दाबलं. सवयीप्रमाणे थ्रॉटल पिळायला हात गेला, तेवढ्यात ते म्हणाले, "न्हाई न्हाई. ऱ्हाऊ दे तशीच."

मग त्याला खाली उतरवून मागे उकिडवा बसवलं. दोन्ही सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर एकेक तळहात धरायला सांगितला. "डोळं मीट," म्हणाले. त्याने फोन खिशात टाकला आणि हात धरले. आधी नुसता गरम वारा लागत असणार. त्याच्या कपाळावर आठी होती. लेथचा पट्टा फिरत होता, शेजारी कोणी घण मारत होतं. मिनिटभराने त्याची डावी-उजवी बोटं आळीपाळीने किंचित हलायला लागली. एक जवळ, एक लांब.

"मामा," तो डोळे मिटूनच म्हणाला, "ही लंगडतेय."

मिस्त्री तोवर लेथकडे परत गेले होते. मी गाडी बंद करायला हात पुढे केला, तर भाचा म्हणाला, "थांबा, अजून थोडं."